रेल्वेच्या जुन्या डब्यातले दिवे: सहा नगांच्या कामाच्या नोंदी

चार छताचे गोल दिवे आणि दोन बर्थशेजारचे वाचायचे दिवे. छताच्या दिव्याला मागे पत्र्याची ताटली, पुढे बिजागरीवर उघडणारी पितळी रिंग, रिंगेत दुधी काचेचा घुमट आणि कडेला चौकोनी चावीनं फिरणारं कुलूप, म्हणजे प्रवाशाला बल्ब काढता येऊ नये. बर्थचे दिवे छोटे, वाटीच्या आकाराचे, मानेत फिरणारे. सगळे घरच्या लांब पडवीत लावायचे ठरलं. ज्यांना असे दिवे मिळालेत आणि हात घालायचा आहे त्यांच्यासाठी हे लिहून ठेवतेय. दोन तारखांमध्ये अंतर दिसलं तर समजा की काहीतरी भिजत पडलं होतं, किंवा मी ऑफिसात होते.

७ जानेवारी २०२४

रविवार, पुण्याचा जुना बाजार. एका फरशीवर अगदी हवा होता तसा छताचा दिवा मांडलेला, बाराशेला. पावती मागितली तर विक्रेत्यानं हसून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे तोंड फिरवलं. सोडला.

हे आधी सांगते, कारण बाकी सगळं नंतर दुरुस्त होतं, हे होत नाही. रेल्वेच्या मालमत्तेसाठी १९६६ चा वेगळा कायदा आहे. चोरीचा वाटावा असा माल तुमच्याकडे सापडला, तर तो रीतसर आला हे तुम्हीच सिद्ध करायचं, आणि पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून माल घेतला तो रेल्वेच्या भंगार लिलावात बोली लावणाऱ्या एका व्यापाऱ्याकडून. बिलावर लॉटचा नंबर लिहून घेतला. छताचे दिवे १,८०० रुपये नग, बर्थचे १,२००. जुन्या बाजारापेक्षा दीडपट, पण रात्री झोप लागते.

१३ जानेवारी

आज फक्त बघणं. लोहचुंबक, कानस, टॉर्च, वही.

मागच्या ताटल्या लोखंडी पत्र्याच्या, आतून पांढरा मुलामा. उजेड परतवायला तोच. रिंगांना चुंबक चिकटत नाही. बर्थच्या दिव्यांनाही नाही, म्हणून तेही पितळी धरून चालले होते. न दिसणाऱ्या कडेला कानशीचा एकेक ओरखडा मारला तर एक पिवळा निघाला आणि दुसरा पांढरा. म्हणजे एक पितळ, एक अॅल्युमिनियम. वरून रंग एकच असल्यामुळे जुळे वाटत होते. पुढे रंग काढताना दोघांची औषधं वेगळी, त्यामुळे हा ओरखडा चुकवू नका. पांढरा निघाला आणि हाताला जड लागला तर ते जस्ताचं ओतीव असतं. तेही अॅल्युमिनियमसारखंच नाजूक समजायचं.

दोन रिंगांच्या आतल्या कडेला ठसा आहे: जी. आय. पी. आर. एका ताटलीवर स्टोन, डेप्टफर्ड एवढं वाचता येतं, म्हणजे रेल्वेचे दिवे बनवणारी लंडनची कंपनी. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची मध्य रेल्वे झाली ५ नोव्हेंबर १९५१ ला, म्हणजे निदान या दोन रिंगा त्याच्या आधीच्या. एकीवर ठशाच्या वरूनच पांढऱ्या रंगात सी. आर. लिहिलंय. मालक बदलला, दिवा तोच.

प्रत्येक नगाला कोरून नंबर दिला. रिंगेला, ताटलीला, कुलपाला, सगळ्यांना. या वस्तू हातानं बसवलेल्या असतात. एका दिव्याची रिंग दुसऱ्याच्या बिजागरीला बसत नाही.

२१ जानेवारी

स्क्रू. पूर्ण दिवस.

रंगाचे थर स्क्रूच्या खाचेत दगड होऊन बसलेत. टोकदार सुईनं खाच तळापर्यंत मोकळी केल्याशिवाय स्क्रू ड्रायव्हर लावायचाच नाही. आणि ड्रायव्हर खाचेच्या मापाचा हवा. मी एक जुना ड्रायव्हर घासून त्याच मापाचा केला. आजकालच्या ड्रायव्हरचं टोक निमुळतं असतं, ते वर चढतं आणि पितळी स्क्रूचं डोकं सोलून काढतं. तेल सोडून रात्रभर ठेवलं, सकाळी सोल्डरिंग गन स्क्रूच्या डोक्यावर धरून तापवलं, थंड होऊ दिलं, मग आधी घट्ट करायच्या दिशेनं किंचित आणि नंतर उलटं. बहुतेक आले. कुलपाजवळचे दोन तुटले, ते ड्रिलनं काढावे लागणार.

२७ जानेवारी

तुटलेल्यांच्या जागी नवे स्क्रू घ्यायला बोहरी आळीत. चार मिलिमीटरचा जात नाही, साडेतीनचा लुळा बसतो. दुकानातल्या काकांनी जुना स्क्रू नखावर फिरवला आणि म्हणाले, "ताई, हा एमएमचा आटा नाही. जबरदस्ती करू नका, भोक जाईल."

आटा म्हणजे स्क्रूवरचे आणि भोकातले वेढे. विलायती दिव्यांत दोन जुन्या ब्रिटिश मापांचे आटे असतात. बारीक कामाला बीए, जाड कामाला व्हिटवर्थ. रिंगेतले छोटे निघाले ४ बीए: व्यास ३.६ मिमी, दोन वेढ्यांतलं अंतर ०.६६ मिमी. ताटलीचे मोठे ३/१६ इंच व्हिटवर्थ. खरी गंमत इथे आहे. ३/१६ इंच म्हणजे ४.७६ मिमी, आणि २ बीए ४.७ मिमी. डोळ्यांनी काय, कॅलिपरनंही घाईत फरक कळत नाही. पण पहिल्याला इंचात २४ आटे, दुसऱ्याला ३१ च्या वर. चुकीचा स्क्रू पहिले एक-दोन वेढे गोडीगुलाबीनं जातो, मग अडकतो, आणि तिथे जोर लावला की पितळेतले आटे गेलेच. म्हणून व्यासावर भरवसा ठेवू नका, आटे मोजायची पट्टी घ्या. शंभर-दीडशेची असते.

४ बीएचा टॅप, म्हणजे भोकात आटा पाडायचं हत्यार, बोहरी आळीत नव्हता. मुंबईला नागदेवी स्ट्रीटवर मिळाला, सळईवर आटा पाडायच्या डायसकट. स्क्रू तयार मिळाले नाहीत. ओळखीच्या लेथवाल्या दादांनी पितळी सळईतून करून दिले, सहाशे रुपये. आटे गेलेल्या भोकात मोठ्या मापाचा आटा पाडून मोकळं व्हा, असा सल्ला पुष्कळांनी दिला. मी तो घेतला नाही, कारण रिंगेची कड तिथे आधीच पातळ आहे.

४ फेब्रुवारी

रंग काढणं. त्या काळच्या रंगात शिसं असणार असं धरूनच चालायचं. कोरडा पॉलिश पेपर अजिबात नाही, ग्राइंडरची तारेची ब्रशचाकी तर नाहीच. सगळं ओलं, हातमोजे, मास्क, आणि निघालेला गाळ मोरीत न सोडता डब्यात बंद.

पितळ आणि लोखंड यांच्यासाठी: जुन्या स्टीलच्या पातेल्यात पाणी, त्यात धुण्याचा सोडा, मंद आच. उकळी फुटू द्यायची नाही. दोन-तीन तासांत रंग साबुदाण्याच्या पापडासारखा सुटून वर येतो, लाकडी पट्टीनं उचलायचा. ते पातेलं पुन्हा स्वयंपाकाला नाही. मी त्याच्या बुडाला लाल फुली मारून ठेवलीय.

अॅल्युमिनियमला सोडा चालत नाही, कॉस्टिक तर त्याला खातंच. त्या एका दिव्यासाठी रंगाच्या दुकानातला पेंट रिमूव्हर, गच्चीत, वाऱ्याच्या दिशेला पाठ करून.

रंगाखाली काय निघालं ते महत्त्वाचं. वर चंदेरी, मग क्रीम, मग चॉकलेटी, आणि सगळ्यांच्या खाली निकेल. म्हणजे हे दिवे मुळात पिवळेधमक कधीच नव्हते. निकेलचा मुलामा यासाठी की रोज घासायला माणूस लागू नये. आज कुठल्याही हॉटेलात "रेल्वेचा दिवा" म्हणून आरशासारखं पितळ टांगलेलं दिसतं, ते आपल्या काळाचं कौतुक आहे. ठरवलं: जिथे निकेल शाबूत आहे तिथे ठेवायचं. दोन रिंगांवर चांगलं आहे, दोनांवर फक्त कोपऱ्यांत उरलंय.

१८ फेब्रुवारी

निकेल गेलेल्या दोन रिंगा काळ्या-हिरव्या. लिंबूफुलाचं कोमट पाणी, अर्धा तास. एक छान निघाली. दुसरी बाहेर काढली तर बिजागरीच्या बाजूनं गुलाबी, अगदी नव्या तांब्याच्या भांड्यासारखी.

कारण सापडलं: बिजागरीतली खीळ लोखंडी आहे आणि ती काढलेली नव्हती. आम्लाच्या पाण्यात पितळेचं तांबं थोडं उतरतं, आणि आत लोखंड असलं की तेच तांबं पुन्हा वस्तूवर चढतं. हा वरवरचा थर, पितांबरी आणि ओल्या कापडानं निघाला. पण पितळ आम्लात फार वेळ राहिलं तर त्यातलं जस्तच निघून जातं आणि मग जो गुलाबी रंग येतो तो घासून जात नाही, धातूच पोकळ झालेला असतो. म्हणून घड्याळ लावून बसा, आणि आधी लोखंडाचा प्रत्येक तुकडा बाहेर काढा. चिंचेचा कोळ लावला तर काम हळू होतं, पण हातून काही बिघडत नाही. पुढच्या वेळी मी तोच घेईन.

२ मार्च

गुलाबी झालेली रिंग स्वच्छ झाल्यावर तिच्यावर केसासारख्या चिरा दिसल्या. कडेपासून आत जाणाऱ्या, सरळ, ओळीनं. मार बसल्याची खूण कुठेच नाही. नखानं टिचकी मारली तर बाकीच्या रिंगा घुमतात, ही बद्द वाजते.

हा रोग जुना आहे आणि त्याचा शोध हिंदुस्थानातच लागला. ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांत ठेवली की त्यांना चिरा पडायच्या. पितळ दाबून-ओढून घडवताना आत ताण राहून जातो. त्यावर ओल आणि अमोनिया मिळाला की धातू आपोआप फाटतो. तबेल्यात अमोनिया घोड्यांच्या मुतातून येत होता. कारणाची नीट उकल १९२१ मध्ये झाली. आता रेल्वेच्या डब्यात अमोनिया कुठे असतो हे मराठी माणसाला सांगायला नको. हा दिवा संडासातला असावा, असं माझं मत.

यातून उपयोगाची गोष्ट एवढी की अमोनिया असलेलं कुठलंही पॉलिश किंवा काच पुसायचं पाणी या दिव्यांना लावू नका. बाटली उघडल्यावर नाकाला झोंबलं, तर ती परत ठेवा.

९ मार्च

चिरलेली रिंग घेऊन तांबट आळीत. एका दुकानात आजोबा आणि त्यांचा मुलगा. मुलगा म्हणाला, "ताई, नवी करून देतो, यात कशाला अडकता?" आजोबांनी रिंग कानाशी नेली, वाजवली, आणि म्हणाले, "आधी भाजायला लागेल. अशीच ठोकली तर हातात तुकडे येतील."

बिजागरी सोडवली. रिंग अंधाऱ्या कोपऱ्यात तापवली, कारण उजेडात धातूचा लाल रंग कळत नाही आणि पितळ मंद लालीच्या पुढे गेलं की वितळायला वेळ लागत नाही. हळू थंड झाल्यावर चिरांमध्ये चांदीचा डाख भरला, मग लाकडावर ठेवून पोचे काढले. दोन चिरा आरपार होत्या, त्या मागून बारीक पट्टी देऊन शिवल्या. डाखाचे पांढरे दोरे जवळून दिसतात. मला चालतात. चारशे मागितले, मी दुसऱ्या दोन रिंगांचे पोचे आणि बर्थच्या दिव्याची वाकलेली मानही करून घेतली, सगळं मिळून अठराशे.

१७ मार्च

बफिंग, म्हणजे फिरत्या कापडी चाकावर चमकवणं. ठसा नसलेली एक रिंग आणि ठसा असलेली एक, अशा दोन एका कारखान्यात नमुना म्हणून दिल्या. ठशावर चिकटपट्टी लावून, तोंडीही सांगून. आल्या तेव्हा दोन्ही लखलखीत, कडा गोल झालेल्या, चिकटपट्टी गायब, आणि जी. आय. पी. आर. मधला जी. बोटाला लागत नाही. तिथे दिवसाला शेकड्यानं नळाच्या तोट्या होतात; त्यांच्या लेखी ठसा म्हणजे खरवड. अडीचशे रुपये गेले ते वेगळे.

बाकीचं हातानं. कापडाची पट्टी, पातळ पॉलिश, दोन्ही हातांनी बूट पुसायच्या चालीनं. रिंगेला दीड तास लागतो. चमक कमी येते, पण कोपरे आणि अक्षरं जागेवर राहतात. निकेलवाल्यांना फक्त साबणपाणी आणि मऊ कापड.

७ एप्रिल

काचा. चारपैकी एक घुमट तडकलेला. मूळ माप साडेसात इंच कडेला. बाजारात सात आणि आठ मिळतात. सातची आणून रिंगेत बुचाचं जाड कडं बसवून बघितलं, बसते, पण रिंगेतून बुचाची किनार डोकावते. सातशे रुपये. तात्पुरती तीच.

काचेखालचं रबर लाकूड झालं होतं. त्या जागी सिलिकॉनची दोरी.

होल्डरच्या मागे एका दिव्यात करड्या-पांढऱ्या पुठ्ठ्याची चकती निघाली, उष्णता अडवायला घातलेली. त्यात अॅस्बेस्टॉस असू शकतो. तोडली नाही, घासली नाही. पाणी मारून पूर्ण भिजवली, ओलीच उचलली, दोन पिशव्यांत बंद करून वर लिहून ठेवली. एलईडीला तिची गरजही नाही.

२७ एप्रिल

वायरिंग. इथे घरातल्यांशी आणि इलेक्ट्रिशियनशी वाद झाला, म्हणून सविस्तर.

स्टोन कंपनीच्या पद्धतीत डब्याखाली आसाच्या पट्ट्यावर फिरणारा डायनॅमो असायचा. तो असा टांगलेला की वेग फार वाढला की पट्टा घसरावा आणि डायनॅमो ठरावीक वेगापुढे फिरू नये. गाडी उभी असताना दिवे बॅटरीवर. दाब २४ व्होल्ट, डीसी. नंतरच्या डब्यांत ११० व्होल्ट डीसी आलं. २३० साठी हे दिवे कधी बनलेच नव्हते: आतल्या तारेला कापडाचं आवरण, स्विचच्या खाली कागदी वॉशर, आणि बाहेर सगळा उघडा धातू.

इलेक्ट्रिशियन दादा म्हणाले, "अर्थिंग देऊन टाकू, काही होत नाही." २३० लावायचंच असेल तर अर्थिंग हवंच, तीन तारांची नवी वायर हवी, आणि मेगरनं, म्हणजे वीज बाहेर गळते का ते बघायच्या यंत्रानं, तपासणी हवी. चिनी मातीचे होल्डर तपासणीत उत्तम निघाले. बर्थच्या दिव्यांचे स्विच मात्र ओलाव्यानं नापास. तेव्हा मी २४ व्होल्टच ठेवायचं ठरवलं. पडवीच्या टोकाला कपाटात घरातल्या २३० एसीचं २४ व्होल्ट डीसी करणारा ६० वॅटचा एसएमपीएस, साडेनऊशे रुपये. पाच वॅटचे सहा दिवे म्हणजे ३० वॅट, सव्वा अँपिअर. दीड चौरस मिमीची वायर दहा मीटर लांब नेली तरी दाब तीन दशांश व्होल्टच पडतो. स्विचच्या काळवंडलेल्या पट्ट्या साफ केल्या. या दाबाला ते जुने स्विच आरामात चालतात आणि तो खटका ऐकायला मिळतो. वायर आणि कपाटाची जोडणी दादांनीच केली, मान हलवत का होईना.

१२ मे

तपकीर गल्लीतून २४ व्होल्टचे पिनवाले एलईडी बल्ब आणले. सहापैकी तीन लागले. बल्ब बदलून पाहिले, होल्डर तपासले, तारा तपासल्या. मग न लागणारा एक काढून अर्धा वेढा फिरवून बसवला तर लागला!

पिनवाला बल्ब होल्डरमध्ये दोन्ही बाजूंनी बसतो. एसीला फरक पडत नाही, डीसीला अधिक-उणे उलटं होतं. साध्या तारेच्या बल्बला त्याचंही काही नव्हतं, म्हणून रेल्वेला हा प्रश्न कधी आला नाही. उपाय दोन: बल्बवर एसी/डीसी दोन्ही छापलेलं बघून घ्या, त्यात आत ब्रिज, म्हणजे अधिक-उणे कसंही आलं तरी सरळ करून देणारा भाग, असतो; नाहीतर प्रत्येक दिव्यात दहा रुपयांचा ब्रिज रेक्टिफायर टाका, दीडेक व्होल्ट जातो. मी दुसरा केला, कारण पुढे बल्ब कोण बदलेल सांगता येत नाही.

आणखी एक. हे बल्ब घरातल्या नेहमीच्या होल्डरमध्येही बसतात आणि तिथे २३० वर फुटतात. सुटे बल्ब वेगळ्या डब्यात, वर मोठ्या अक्षरांत "फक्त पडवी".

९ जून

लॅकर, म्हणजे पितळ काळं पडू नये म्हणून मारायचा पारदर्शक लेप. हे मे महिन्यात व्हायला हवं होतं. पाऊस सुरू झाला आणि त्याच संध्याकाळी स्प्रे मारला. दहा मिनिटांत दोन्ही पितळी रिंगांवर दुधासारखी साय. लॅकर सुकताना पृष्ठभाग गार पडतो आणि दमट हवेतलं पाणी त्यात अडकतं. थिनरनं सगळं उतरवलं.

मग लॅकरचा नाद सोडला. मधमाशीचं मेण टर्पेंटाइनमध्ये विरघळवून, रिंग केसांच्या ड्रायरनं कोमट करून, पातळ हात. बोटांचे ठसे धरत नाही. सहा महिन्यांनी पुन्हा लावावं लागेल, पण काळं पडलं तर पुसून पुन्हा लावता येतं. लॅकर सुटलं की ठिपक्याठिपक्यानं सुटतं आणि सगळं परत खरवडावं लागतं. निकेलच्या रिंगांना काहीच लावलं नाही.

१६ जून

पाच दिवे पडवीत लावून झाले. चिरलेली रिंग मुद्दाम पडवीच्या कोरड्या टोकाला, मोरीपासून लांब. बफिंगवाली दाराशी, कारण पाहुण्यांना तीच आवडते.

खर्च: दिवे ९,६००, बाकी सगळं मिळून त्याच्याइतकंच, एकूण १९,२३०. बाकीच्यात सगळ्यात मोठा आकडा तांबट आळीचा आणि सगळ्यात वसूल झालेलाही तोच. टॅप-डाय १,४५० ला पडले. कुणाला पुण्यात हवे असतील तर उसने देईन, अडकलेला टॅप हातोडीनं ठोकणार नाही या बोलीवर.

सहावा, तात्पुरत्या काचेचा दिवा अजून टेबलावर आहे. त्याला साडेसात इंची घुमट हवाय, कडेला पाव इंचाची गळपट्टी असलेला. कुणाकडे असेल तर आधी गळपट्टी मोजून सांगा.